पाच सीझनची गोष्ट आधी किती ठरलेली असते?

प्रश्न दुहेरी आहे. अनेक सीझन चालणाऱ्या कथामालिकेची गोष्ट पहिल्याच दिवशी शेवटापर्यंत ठरलेली असते की लिहिता लिहिता वाढत जाते, हा त्याचा पहिला भाग. पुढचा सीझन मंजूर होईल की नाही हे ठाऊक नसताना चालू सीझनचा शेवट कसा बांधतात, हा दुसरा. मी गेली बावीस वर्षे मालिकांचे लेखन करतो आहे, त्यांतली शेवटची दहा-अकरा वर्षे लेखकांच्या गटाचा प्रमुख म्हणून, आणि ही दोन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत असा माझा अनुभव आहे.

पहिल्या भागाचे उत्तर असे की घटना फारशा ठरलेल्या नसतात, पण प्रश्न ठरलेले असतात, आणि कोणता प्रश्न किती काळ उघडा ठेवायचा याचा हिशेब ठरलेला असतो. ज्या मालिका तिसऱ्या सीझनला कोसळतात त्यांच्याकडे घटनांची टंचाई नसते. त्यांचा प्रश्न पहिल्याच सीझनमध्ये संपून गेलेला असतो आणि तो संपला आहे हे लेखकांच्या लक्षात आलेले नसते.

चालू कथामालिकेत तीन वेगवेगळ्या लांबीचे प्रश्न एकाच वेळी उघडे असतात. भागाचा प्रश्न त्याच भागात मिटतो: साक्षीदार आज जबानी देईल का, पैसे रात्रीच्या आत पोहोचतील का. सीझनचा प्रश्न आठ, दहा, तेरा किंवा बावीस भागांनंतर मिटतो. मालिकेचा प्रश्न मात्र अखेरच्या भागापर्यंत मिटत नाही, आणि टिकाऊ मालिकांमध्ये तो सहसा माणसाबद्दल असतो. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये (२००८ ते २०१३) अमली पदार्थ बनवणारा रसायनशास्त्राचा शिक्षक पकडला जाईल का, हा वरवर दिसणारा प्रश्न आहे. पण ६२ भाग ज्यावर उभे आहेत तो प्रश्न वेगळा आहे: 'हे सारे मी कुटुंबासाठी करतो आहे' हे त्याचे म्हणणे खरे आहे का? शेवटच्या भागात तो पत्नीसमोर उभा राहून आपण हे स्वतःसाठी केले अशी कबुली देतो आणि मालिका खऱ्या अर्थाने तिथे संपते, त्यानंतरचा गोळीबार हा हिशेबाची आवराआवर आहे.

ही मांडणी मालिकांमध्ये पहिल्यापासून नव्हती. अमेरिकेत संध्याकाळच्या मुख्य वेळेतल्या मालिकांचा प्रत्येक भाग बराच काळ स्वयंपूर्ण असे, कारण पुनःप्रसारणासाठी विकलेले भाग कोणत्याही क्रमाने दाखवता येणे सोयीचे होते. सलग गोष्ट चाले ती मुख्यतः दुपारच्या 'सोप'मध्ये, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या कौटुंबिक मालिकांमध्ये, आणि तिला सीझनच नसल्यामुळे शेवट बांधण्याची गरजही नव्हती. 'डॅलस' या मालिकेने सलग गोष्ट आणि सीझन यांची सांगड लोकप्रिय केली. २१ मार्च १९८० रोजी सीझनच्या अखेरच्या भागात जे. आर. युइंग या खलनायकावर कोणीतरी गोळ्या झाडल्या, कलाकारांच्या संपामुळे पुढचा सीझन लांबला, आणि गोळ्या कोणी झाडल्या याचे उत्तर २१ नोव्हेंबरला मिळाले. ते पाहायला अमेरिकेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोक बसले होते. सीझनचा शेवट म्हणजे प्रेक्षकाला टांगून ठेवणे, ही समजूत तेव्हापासून रुजली ती अजून गेलेली नाही.

माझ्या मते त्याहून मोठा धडा पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या 'हिल स्ट्रीट ब्लूज'चा आहे. एका पोलीस ठाण्यातली डझनभर पात्रे, एकेका भागात चार-पाच धागे, आणि त्यांतले बरेचसे पुढच्या भागांत वाहत जाणारे, असे ते लेखन होते. मालिका पुढे चालवताना वाहिनीने अशी अट घातली की प्रत्येक भागात निदान एक धागा पुरा झालाच पाहिजे. लेखकांना त्या वेळी ती ढवळाढवळ वाटली असेल. मी आज ती अट कोणी न घालता पाळतो.

आता हा हिशेब प्रत्यक्षात कसा बसवतात ते दाखवण्यासाठी एक कागदावरचे उदाहरण घेतो, कारण यशस्वी मालिकांकडे मागे वळून पाहिले की सारेच आधी ठरलेले होते असा भास होतो.

न्यायवैद्यक विभागात काम करणारी एक डॉक्टर आहे. तिच्या धाकट्या भावाच्या गाडीखाली रात्री एक माणूस मरतो आणि शवविच्छेदन तिच्याच टेबलावर येते. अहवालात ती मृत्यूची वेळ तीन तासांनी पुढे ढकलते. आता मृत्यू भाऊ त्या रस्त्यावरून गेल्यानंतर बऱ्याच वेळाने झालेला ठरतो आणि भाऊ संशयातून सुटतो. सीझनचा प्रश्न उघड आहे: खोटा अहवाल उघडकीला येईल का?

नवखा लेखक इथे काय करतो ते मी अनेकदा पाहिले आहे. दुसऱ्या सीझनला तो तिच्याकडून आणखी एक खोटा अहवाल लिहून घेतो, आणि तिसऱ्याला तिच्यामागे गुन्हेगारांची टोळी लावतो. आम्ही याला शिडी म्हणतो. धोक्याचा आकार वाढतो, प्रश्न तोच राहतो, आणि प्रेक्षकाला 'ही पकडली जाणार का' या प्रश्नाचे उत्तर एव्हाना समजलेले असते: मालिका चालू आहे तोपर्यंत नाही. शिडीला वरच्या टोकाला काहीच नसते.

मी तीच गोष्ट अशी बांधेन. पहिल्या सीझनच्या शेवटी अहवाल उघडकीला येतच नाही. पण तीन तासांनी सरकवलेली वेळ दुसऱ्या एका माणसाच्या अंगावर पडते: त्या वेळी त्याच रस्त्यावर असलेला, दारू पिऊन वाहन चालवल्याची जुनी नोंद असलेला एक पहारेकरी दोषी ठरतो. सीझनचा प्रश्न मिटला, ती सुटली, आणि सुटण्यातूनच दुसऱ्या सीझनचा प्रश्न जन्मला: आपला गुन्हा कबूल न करता ती या माणसाला सोडवू शकेल का? इथे धोका वाढलेला नाही, उलट तिच्या मागे आता कोणीच नाही. बदलली आहे ती तिची दिशा. पहिल्या सीझनमध्ये ती लपवत होती, दुसऱ्यात तिला स्वतःच पुरावा शोधायचा आहे आणि तो पुरावा आपल्यापर्यंत येणार नाही एवढेही पाहायचे आहे. तिसऱ्या सीझनमध्ये पहारेकरी सुटलेला आहे, भावाला सारे कळलेले आहे, आणि त्याला मन मोकळे करण्यासाठी पोलिसांकडे जायचे आहे. त्याला आता अडवते ती बहीण.

मालिकेचा प्रश्न त्या अडवण्यात आहे. ती भावाला वाचवत होती की स्वतःच्या नजरेतली स्वतःची प्रतिमा? आणि हा प्रश्न पहिल्या भागातच पेरलेला असला पाहिजे. अपघाताच्या रात्री भाऊ पोलीस चौकीत जायला निघालेला असतो आणि ती त्याला काही न विचारता दाराला आतून कडी लावते. पहिल्या भागात ते दृश्य मायेचे वाटते. तिसऱ्या सीझनमध्ये ती पुन्हा कडी लावते, या वेळी भाऊ चाळिशीकडे झुकलेला असतो आणि पहिल्या भागातले दृश्य मागे वळून वेगळे दिसू लागते. मालिका सुरू करताना माझ्याकडे असतात त्या गोष्टी एवढ्याच: पहिली कडी, शेवटची कडी, आणि मधल्या तीन प्रश्नांची तीन वाक्ये. बाकीचे खरोखरच नंतर येते.

प्रश्नाची जात बदलण्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'द वायर' (२००२ ते २००८). पाच सीझन, ६० भाग, बाल्टिमोर हे एकच शहर. पहिला सीझन अमली पदार्थांचा व्यापार आणि पोलीस यांचा, दुसरा बंदराच्या गोदीचा, तिसरा शहराच्या राजकारणाचा, चौथा शाळांचा, पाचवा वृत्तपत्राचा. पात्रांचा गाभा कायम ठेवून दर वेळी नवी संस्था पुढे आणल्यामुळे जुनेच पोलीस आणि जुनेच गुन्हेगार नव्या प्रकाशात दिसत राहिले. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला, ओळखीची माणसे बाजूला सारून गोदी कामगार का दाखवले जात आहेत असा प्रश्न अनेकांना पडतो, आणि ती नाराजी पत्करण्याची तयारी ही या पद्धतीची किंमत आहे.

दुसरे साधन माहितीचे आहे, आणि ते मला कथानकापेक्षाही महत्त्वाचे वाटते. आमच्या भिंतीवर घटनांच्या फळ्याशेजारी एक वेगळा तक्ता असतो, त्यावर फक्त एवढेच लिहिलेले असते की कोणाला काय ठाऊक आहे आणि ते कोणत्या भागापासून. डॉक्टरच्या गोष्टीत पहिल्या भागाच्या शेवटी खोट्या अहवालाबद्दल एकाच व्यक्तीला ठाऊक आहे. भावाला वाटते की तो नशिबाने सुटला. पहिल्या सीझनच्या अखेरीस दोघांना ठाऊक आहे, दुसऱ्याच्या अखेरीस चौघांना. गुपित ही लेखकाची पुंजी आहे. एकेका माणसाला ते कळणे म्हणजे पुंजीतला खर्च, आणि प्रत्येक खर्चाच्या बदल्यात एक नवे नाते हाती आले पाहिजे: कालपर्यंत जो नुसता सहकारी होता तो आज साथीदार झाला, किंवा शत्रू, किंवा ओझे.

'ब्रेकिंग बॅड'ने हा खर्च किती सावकाश केला ते पाहण्यासारखे आहे. धंद्यातल्या जोडीदाराला पहिल्या भागापासून सारे ठाऊक आहे. पत्नीला तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात कळते, आणि त्यानंतरची बरीच गोष्ट ती या माहितीचे काय करते यावर चालते. अमली पदार्थविरोधी खात्यात काम करणाऱ्या मेव्हण्याला मात्र पाचव्या सीझनच्या आठव्या भागापर्यंत काहीच कळत नाही, म्हणजे त्यानंतर फक्त आठ भाग उरतात. पहिल्या सीझनमध्ये हेच मेव्हण्याला कळले असते तर ती चांगली आठ भागांची मालिका झाली असती.

आता एका सीझनच्या आत काय होते ते पाहू. फळ्यावर उभ्या रकान्यांत भाग आणि आडव्या ओळींत धागे मांडतात आणि प्रत्येक चौकटीत एक कार्ड लावतात. आठ भागांच्या सीझनसाठी मी साधारणतः तीन-चार धागे धरतो. मुख्य धागा सर्व भागांत असतो. भावाच्या साखरपुड्याचा धागा सहा भागांत, आणि रुग्णालयातल्या कनिष्ठ डॉक्टरचा धागा पाच भागांत. दोनपेक्षा जास्त भाग एखादा धागा गायब राहिला तर प्रेक्षक तो विसरतो आणि परत आणताना एक अख्खे दृश्य आठवण करून देण्यात जाते. कार्डे लावताना मी आधी प्रत्येक धाग्याचे शेवटचे कार्ड लावतो, मग पहिले, आणि मधली जागा सर्वांत शेवटी भरतो. दोन धाग्यांची मोठी वळणे एकाच भागात आली तर एक दुसऱ्याला खाऊन टाकते, म्हणून ती हलवावी लागतात. आमचे निम्मे दिवस या हलवाहलवीत जातात, लिहिण्यात नव्हे.

कनिष्ठ डॉक्टरचा धागा जवळून पाहू. मृतदेह आल्यावर घेतलेल्या शरीराच्या तापमानाची नोंद वहीत आहे, आणि ती अहवालातल्या वेळेशी जुळत नाही, कारण नोंदीइतके थंड व्हायला शरीराला बराच जास्त वेळ लागला असता. हे त्याच्या लक्षात कधी यावे? पहिल्या आराखड्यात प्रत्येक जण ते कार्ड सातव्या भागात लावतो, कारण तो रहस्यस्फोट वाटतो. मी ते उचलून चौथ्या भागात लावतो. शोध लागण्यात दोन मिनिटांचे नाट्य आहे. शोध लागलेला तरुण, जिच्या हाताखाली तो शिकला तिच्याकडे जाऊन विचारणार का, की वहीतले पान फाडून तिला स्वतःच्या ऋणात ठेवणार, यात चार भागांचे नाट्य आहे. ज्या सीझनमध्ये सारी स्फोटके शेवटी ठेवलेली असतात त्याचे तीन ते सहा हे भाग हमखास रिकामे पडतात.

याच हिशेबामुळे बऱ्याच मालिकांत सर्वांत मोठी घटना उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, भागात येते. 'द वायर'मध्ये ते वारंवार झाले. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या सुरुवातीच्या, दहा भागांच्या सीझनमध्ये तर प्रेक्षक नवव्या भागाची धास्ती घेऊ लागले होते: पहिल्या सीझनमधला नेड स्टार्कचा शिरच्छेद, दुसऱ्यातली ब्लॅकवॉटरची लढाई, तिसऱ्यातले लग्नातले हत्याकांड, हे सारे नवव्या भागात आहे. शेवटचा भाग परिणामांसाठी मोकळा राहतो. मेलेल्याची जागा कोण घेते, जिंकलेल्याचा चेहरा कसा दिसतो, हे दाखवायला तास मिळतो, आणि पुढच्या सीझनचा प्रश्न धावपळीत फेकावा लागत नाही.

भागांची संख्या लेखक ठरवत नाही, आणि रचनेवर सर्वांत जास्त परिणाम तिचाच होतो. अमेरिकी वाहिन्यांचा जुना सीझन बावीस-चोवीस भागांचा असे. एका सलग गोष्टीत तेवढ्या भागांना पुरेल एवढे द्रव्य नसते, म्हणून 'द एक्स-फाइल्स'सारख्या मालिकेत मालिकाभर चालणाऱ्या कटाचे मोजके भाग आणि बाकीचे स्वतंत्र प्रकरणांचे भाग अशी विभागणी झाली. शिवाय नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे या महिन्यांत प्रेक्षकसंख्येचे मोजमाप विशेष बारकाईने होत असल्यामुळे मोठ्या घटना त्या महिन्यांत याव्यात अशी अपेक्षा असे. कथेचे चढउतार पात्रांच्या गरजेनुसार न येता जाहिरातदारांच्या वेळापत्रकानुसार यायचे. केबल वाहिन्यांवरच्या तेरा भागांच्या सीझनमध्ये ही भर घालण्याची गरज संपली, आणि माझ्या मते कथामालिकेला सर्वांत मानवलेली लांबी दहा ते तेराच आहे. ब्रिटनमध्ये सहा भागांचे सीझन पुष्कळ असतात. त्यात दुय्यम पात्रांना स्वतःचा धागा मिळत नाही, पण सैलपणाही राहत नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने 'हाउस ऑफ कार्ड्स'चे तेराही भाग एकाच दिवशी उपलब्ध केले, आणि त्याआधीच दोन सीझनची म्हणजे २६ भागांची मागणी नोंदवलेली होती. लेखकाला लांबी आधी माहीत असणे ही मोठी देणगी आहे. दुसऱ्या सीझनमध्ये फळणारे बी पहिल्यात निश्चिंतपणे पेरता येते. पण त्याच सोयीतून 'आम्ही दहा तासांचा चित्रपट बनवला आहे' असे अभिमानाने सांगण्याची रीत पडली आणि ती मला पटलेली नाही. ज्या भागाला स्वतःचा प्रश्न आणि स्वतःचे उत्तर नाही तो भाग नसून कापलेला तुकडा असतो. सलग पाहणाऱ्याला ते त्या रात्री जाणवत नाही. दोन महिन्यांनी त्याला पाचव्या भागात काय झाले ते आठवत नाही, तेव्हा जाणवते.

आधी किती ठरवावे, याची दोन टोके तपासून पाहता येतात. एका टोकाला 'बॅबिलॉन ५' ही अंतराळस्थानकावरची विज्ञानकथा-मालिका आहे. तिचे निर्माते-लेखक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी पाच वर्षांची गोष्ट सुरुवातीलाच आखली होती. १९९४ ते १९९८ या काळात त्या मालिकेचे पाच सीझन झाले. पण त्यांनी नुसता आराखडा केला नव्हता. प्रत्येक मुख्य पात्र कथेतून बाहेर काढावे लागले तर कोणत्या वाटेने काढायचे, याची चोरवाट आधीच योजून ठेवली होती. पहिल्या सीझननंतर प्रमुख भूमिकेतला अभिनेता मालिकेतून गेला आणि दुसऱ्या सीझनपासून नवा नायक आला, तरी गोष्ट मोडली नाही ती त्यामुळे. माझ्या मते त्या आराखड्यातला शिकण्यासारखा भाग तो आहे, पाच वर्षांचे नियोजन नव्हे.

दुसऱ्या टोकाला पुन्हा 'ब्रेकिंग बॅड'. जोडीदाराचे पात्र पहिल्याच सीझनमध्ये मारायचा बेत होता, अभिनेत्याचे काम पाहून तो रद्द झाला, आणि त्या पात्राशिवाय ही मालिका आज कल्पनेतही आणता येत नाही. पाचव्या सीझनच्या पहिल्याच दृश्यात नायक मशीनगन ठेवलेल्या गाडीची चावी घेतो. ते दृश्य लिहिले तेव्हा ती बंदूक कोणावर चालणार हे लेखकांनाच ठाऊक नव्हते, असे मालिकेचे निर्माते विन्स गिलिगन यांनी पुढे सांगितले आहे. हे ऐकून नवे लेखक खूश होतात आणि स्वतःही कुठेतरी एक बंदूक ठेवून देतात. ते विसरतात की या लेखकांना नायक कसा माणूस आहे हे बारकाईने ठाऊक होते, आणि किती भाग उरले आहेत हेही ठाऊक होते. बंदूक मोकळी ठेवता येते, माणूस मोकळा ठेवता येत नाही.

किती भाग उरले आहेत हे ठाऊक नसले की काय होते, ते विमान कोसळून बेटावर अडकलेल्या माणसांच्या 'लॉस्ट' या मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये दिसते. मालिका कधी संपणार हे वाहिनीने ठरवलेले नव्हते, त्यामुळे लेखकांना उत्तरे देता येईनात आणि गोष्ट जागच्या जागी पावले टाकू लागली. मे २००७ मध्ये प्रत्येकी सोळा भागांचे आणखी तीन सीझन आणि २०१० मध्ये शेवट असे जाहीर झाले. त्याच महिन्यातल्या सीझनच्या अखेरच्या भागात, आजवर पात्रांच्या भूतकाळात जाणारी मालिका प्रथमच त्यांच्या भविष्यकाळात गेली. तिच्या शेवटाबद्दल लोकांचे मतभेद असतील, पण त्या दिवसानंतर तिला वेग आला याबद्दल फारसे नाहीत.

एक चूक मी स्वतः केलेली सांगतो, कारण ती पुष्कळ जण करतात. आमच्या एका मालिकेत घरातल्या वडिलांच्या मृत्यूला जबाबदार कोण, हे गुपित दहाव्या भागासाठी राखलेले होते. चौथा भाग दाखवला गेला आणि प्रेक्षकांनी नेमके नाव ओळखले. आम्ही घाबरलो. सातव्या भागापासूनचे चित्रीकरण अजून व्हायचे होते, म्हणून आम्ही अपराधीच बदलला. जुन्या अपराधीविरुद्ध पेरलेल्या खुणा तशाच राहिल्या आणि नव्याविरुद्ध पहिल्या सहा भागांत एकही नव्हती. दहावा भाग संपला तेव्हा ज्यांनी ओळखले होते त्यांना फसवले गेल्यासारखे वाटले, आणि ज्यांनी ओळखले नव्हते त्यांना काहीच वाटले नाही. ओळखणारा प्रेक्षक लक्ष देऊन पाहत असतो. उत्तर त्याला आधी समजले तरी हरकत नाही, कारण ते पात्रांना समजेल तेव्हा काय होईल हे त्याला पाहायचेच असते. त्यानंतर मी अपराधी कधी बदललेला नाही, फार तर उत्तर दोन भाग अलीकडे ओढले आहे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. सीझनचा शेवट बांधताना दोन विरुद्ध चुका होतात. पहिली 'ट्विन पीक्स'ची. लॉरा पामरचा खून कोणी केला, याचे उत्तर निर्मात्यांना इतक्यात द्यायचे नव्हते. वाहिनीच्या आग्रहामुळे दुसऱ्या सीझनच्या पूर्वार्धातच ते द्यावे लागले, आणि सीझनचे बरेच भाग उरलेले असताना प्रेक्षकाला धरून ठेवणारा दुसरा प्रश्न तयार नव्हता. दुसरी चूक २०११ मधल्या अमेरिकी 'द किलिंग'ची. रोझी लार्सनचा खून कोणी केला हीच मालिकेची जाहिरात होती, आणि तेरा भागांनंतरही उत्तर दिले गेले नाही, ते दुसऱ्या सीझनच्या शेवटी मिळाले. लोक रागावले ते योग्यच होते. सीझनच्या सुरुवातीला जो प्रश्न मोठ्याने विचारला त्याचे उत्तर त्या सीझनमध्ये द्यायचे, हा अलिखित करार असतो. टांगून ठेवायचे असेल तर उत्तरातून निघालेला नवा प्रश्न टांगावा.

पुढचा सीझन अनिश्चित असला की काही जण दोन शेवट लिहून ठेवतात. मला ते कधी जमले नाही, कारण दोन शेवटांकडे जाणारे शेवटचे तीन भाग कोणत्याच शेवटाचे राहत नाहीत. सारे घाईने आटोपण्याचेही धोके आहेत. 'बॅबिलॉन ५'चा चौथा सीझन लिहिताना पाचवा मिळेल अशी खात्री नव्हती, म्हणून पुढचे पुष्कळ कथानक चौथ्यात ओढून घेतले गेले आणि मालिकेचा अखेरचा भागही चित्रित झाला. मग दुसरी वाहिनी पुढे आली, पाचवा सीझन मिळाला, तो अखेरचा भाग वर्षभर राखून ठेवला गेला आणि चौथ्यासाठी नवा शेवट लिहावा लागला. चौथा सीझन त्या दाटीमुळे विलक्षण वेगवान झाला आहे, आणि पाचवा मला विरळ वाटतो.

मी करतो ते असे. सीझनचा प्रश्न उपान्त्य भागात किंवा शेवटच्या भागाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण मिटवतो. शेवटच्या दृश्यात नवी घटना घडवत नाही. कोणी दार ठोठावत नाही, फोन वाजत नाही, मेलेला परत येत नाही. घडून गेलेल्या गोष्टीची किंमत पात्राच्या अंगावर पडलेली दिसेल, एवढे एकच कृत्य ठेवतो. डॉक्टरच्या गोष्टीत पहारेकऱ्याला शिक्षा सुनावली जाते ते आठव्या भागाच्या मध्यावर. साखरपुडा होतो, भाऊ हसतो, कनिष्ठ डॉक्टर दुसऱ्या विभागात बदली मागून घेतो. शेवटच्या दृश्यात टेबलावर नवा मृतदेह आहे, ती नेहमीच्या सराईतपणे अहवाल भरते आहे, आणि मृत्यूच्या वेळेच्या रकान्यापाशी तिचे पेन थांबते. दुसरा सीझन मिळाला नाही तर ती जन्मभर त्या रकान्यापाशी थांबणार आहे, आणि तो शेवट पुरेसा आहे. मिळाला, तर तो त्याच टेबलापाशी, त्याच रकान्यात वेळ लिहिताना सुरू होतो, आणि बाहेरच्या बाकावर पहारेकऱ्याची बायको बसलेली असते.